पत्र कुणाचं आलंय?

पंधरा पैशांचं पोस्टकार्ड होतं. निळ्या शाईने कडेपासून कडेपर्यंत लिहिलेलं, पत्त्याच्या बाजूला उरलेल्या बोटभर जागेतही दोन ओळी तिरक्या घुसवलेल्या. मायना ‘आदरणीय विज्ञानताई’. हे नाव मला श्रोत्यांनीच ठेवलं होतं आणि नंतर केंद्रावरही ते चिकटलं. लिहिणारा मुलगा सातवीतला. मजकूर असा: ‘पावसाळ्यात संध्याकाळी रेडिओ लावला की मधेच खर्रर्र होतं. बाबा म्हणतात सेल उतरले. पण नवे सेल घातले तरी होतं. आभाळ आलं की जास्त होतं. मग तेव्हा ढगपण रेडिओवर बोलतात का?’

१९८८ चा पावसाळा होता. रेडिओच्या एका छोट्या केंद्रावर मी नैमित्तिक निवेदक म्हणून लागले त्याला दोन वर्षं झाली होती. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटांचा विज्ञानाचा कार्यक्रम माझ्याकडे असायचा, त्यातली शेवटची पाच मिनिटं पत्रोत्तरांची. आलेली पत्रं वाचायची, त्यातले प्रश्न निवडून ‘नीट’ करायचे, संहितेत उतरवायचे, उत्तरं लिहायची, अधिकाऱ्यांची सही घ्यायची आणि स्टुडिओत जायचं. प्रश्न नीट करणं हे माझं आवडतं काम. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेली. प्रश्नात गाळ असतो आणि तो उपसून काढला की खाली विज्ञान सापडतं, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं.

त्या मुलाच्या प्रश्नातला गाळ मी असा उपसला: ‘वातावरणातील विद्युत घडामोडींचा मध्यम लहरींच्या प्रक्षेपणावर कोणता परिणाम होतो?’ उत्तरही चोख दिलं. आयामविरूपण म्हणजे काय, विजेच्या ठिणगीतून सर्व वारंवारितांच्या विद्युतचुंबकीय लहरी कशा बाहेर पडतात, ग्राहक यंत्र त्यांना कसं वेगळं काढू शकत नाही, सगळं अडीच मिनिटांत. एकही चूक नव्हती त्यात. आजही मी ते उत्तर तपासून बघते, तर एकही चूक सापडत नाही.

पंधरा दिवसांनी दुसरं कार्ड आलं. ‘ताई, तुम्ही माझं नाव घेतलंत. घरात सगळ्यांनी ऐकलं. आजीने साखर वाटली. पण प्रश्न माझा नव्हता. माझा ढगांचा होता.’

मी ते कार्ड घेऊन आमच्या निर्मात्यांकडे गेले. वयस्कर गृहस्थ होते, नाटकातून रेडिओत आलेले. केंद्रावर सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. विज्ञानाचा त्यांना गंध नव्हता, आणि ते ही गोष्ट लपवतही नसत. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि मला एवढंच विचारलं, ‘बाई, पत्र कुणाचं आलंय?’

मी मुलाचं नाव सांगितलं.

‘मग त्याला का नाही सांगितलंत?’

पुढची पस्तीस वर्षं रेडिओत आणि मधली काही टीव्हीत मी जे काही केलं, ते या प्रश्नाचं उत्तर शोधणंच होतं असं आता मागे वळून बघताना दिसतं. त्या दिवशी मात्र मला फक्त राग आला होता.

रेडिओचं काम बाहेरून वाटतं तितकं बोलण्याचं नसतं. निम्मं काम कागदाचं असतं. संहितेची पानं टाचणीने जोडायची नाहीत, सुटी ठेवायची, वाचून झालेलं पान उचलून बाजूला न ठेवता अलगद सरकवायचं. नाहीतर कागदाची सळसळ मायक्रोफोन आवाजापेक्षाही आवडीने पकडतो. वाक्य एका श्वासात बसलं पाहिजे. मिनिटाला शंभर-एकशेवीस शब्दांच्या वर गेलात तर बातम्या वाचल्यासारखं होतं. ‘खालील आकृतीत’ असं म्हणता येत नाही, कारण खाली काहीच नसतं. आकडे तर रेडिओत जणू वितळतात. ‘प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर’ हे वाक्य ऐकणाऱ्याच्या कानातून आत जातं आणि तसंच बाहेर पडतं. त्याऐवजी ‘तुम्ही एकदा डोळे मिटून उघडेपर्यंत प्रकाश पृथ्वीला प्रदक्षिणा घालून मोकळा झालेला असतो’ असं म्हटलं की ऐकणारा एकदा तरी डोळे मिटून बघतो. अंधारात, स्वयंपाकघरात, गोठ्यात, शिवणाच्या मशीनवर बसून ऐकणाऱ्या माणसाच्या हाती चित्र नसतं, त्यामुळे त्याच्याकडे आधीपासून जे आहे त्यातूनच चित्र काढावं लागतं. पापणी सगळ्यांकडे असते.

अण्णांनी मला टेप कापायला शिकवलं. चुकीचा शब्द आला की स्पूल हाताने पुढेमागे फिरवून ती जागा शोधायची, पिवळ्या पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरका काप द्यायचा आणि चिकटपट्टीने सांधायचं. काप सरळ दिला तर जोडावर ‘टक्’ ऐकू येतं, तिरका दिला तर कळत नाही. एकदा माझ्या मुलाखतीत एका प्राध्यापकांनी उत्तर देण्याआधी चारेक सेकंद विचार केला होता. मी ती शांतता कापून टाकली. अण्णांनी फरशीवर पडलेला टेपचा तुकडा शोधून काढला आणि परत जोडायला लावला. म्हणाले, त्या चार सेकंदांत ते विचार करतायत, तेवढंच तर ऐकायचं असतं.

ढगांच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर मी महिन्याभराने दिलं. या वेळी कार्ड जसंच्या तसं वाचलं, ‘सेल उतरले’ आणि ‘ढगपण’ यांच्यासकट. मग म्हटलं की हो, ढगांचा आवाज तुझ्या रेडिओवर येतो. वीज चमकते तेव्हा ती स्वतःच एक क्षणभराचं प्रक्षेपण केंद्र होते. आमच्या केंद्राला एका ठरावीक जागीच बोलता येतं, वीज मात्र काटा कुठेही ठेव, सगळीकडे ऐकू येते. ती जे बोलते त्याला शब्द नाहीत, त्याची खरखर होते. मग त्याला एक काम दिलं. खिडक्या बंद करून, डोळे मिटून रेडिओजवळ बस. खर्रर्र झालं की आकडे मोजायला लाग आणि गडगडाट ऐकू आला की थांब. रेडिओची खरखर प्रकाशाच्या वेगाने येते, म्हणजे वीज पडली त्याच क्षणी. गडगडाट आवाजाच्या वेगाने रेंगाळत येतो, एक किलोमीटरला साधारण तीन सेकंद. मोजलेल्या आकड्याला तीनने भाग दे. न बघता तुला कळेल की वीज किती दूर होती.

आधीच्या उत्तरातलंच विज्ञान होतं. भर पडली ती फक्त आकडे मोजायच्या कामाची. पण हे उत्तर लिहिताना पहिल्यांदाच मला पुढ्यात तो मुलगा दिसत होता, आणि त्याच्या बाबांनी काढून ठेवलेले, काही बिघडलेलं नसलेले ते सेलही.

त्यानंतर थोड्याच वर्षांत आमच्याकडे टीव्ही आला आणि मी प्राध्यापक यश पाल यांना बघायला लागले. बघायला म्हणजे वही-पेन घेऊन, पाठ्यपुस्तकासारखं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दूरदर्शनवर ‘टर्निंग पॉइंट’ लागायचं. गिरीश कार्नाड सूत्रधार. देशभरातून पत्रं यायची आणि त्यातल्या प्रश्नांना यश पाल उत्तरं द्यायचे. पांढरे केस, सावकाश बोलणं, हातांची हालचाल अशी की जणू समोर काहीतरी पसरून ठेवलंय आणि ते चाचपून बघतायत. मी ज्या धंद्यात होते त्यात सफाईला मोल होतं, आणि हा माणूस अजिबात सफाईदार नव्हता. वाक्य अर्ध्यावर सोडून वेगळ्या वाटेने परत यायचा. प्रश्न वाचून झाल्यावर लगेच उत्तराकडे धावायचा नाही. आधी प्रश्नाभोवती फेरी मारायचा. हे असं का दिसलं असेल, कुठे उभं राहून दिसलं असेल? तो विचार करतोय हे दिसायचं. अण्णांनी जोडायला लावलेले ते चार सेकंद इथे आख्ख्या देशाला दाखवले जात होते.

मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचू लागले. जन्म १९२६ चा, आज पाकिस्तानात असलेल्या झंगमधला. पंजाब विद्यापीठातून भौतिकशास्त्र, नंतर अमेरिकेतल्या एमआयटीची पीएच.डी., मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत वैश्विक किरणांवर काम. म्हणजे सूर्यमालेच्याही पलीकडून येणाऱ्या कणांच्या खुणा शोधणारा माणूस. आणि १९७३ मध्ये ते गेले कुठे, तर अहमदाबादला, नव्याने उभ्या राहिलेल्या अंतराळ उपयोग केंद्राचे पहिले संचालक म्हणून.

त्यांच्या कामातला माझा सर्वात आवडता भाग इथे आहे, म्हणून थोडी थांबते. विक्रम साराभाई १९७१ च्या डिसेंबरात गेले, पण उपग्रहातून खेड्यांत शिक्षण पोचवायचा त्यांचा हट्ट मागे राहिला होता. आपल्याकडे स्वतःचा तसा उपग्रह नव्हता. अमेरिकेचा ‘एटीएस-६’ वर्षभरासाठी मिळाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. सहा राज्यांतली २४०० खेडी निवडली होती: आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा, राजस्थान. ज्या काळात देशातल्या मोजक्याच शहरांत टीव्ही होता, त्या काळात जिथे पक्का रस्ताही धड जात नव्हता अशा गावांत थेट उपग्रहावरून चित्र उतरवायचं होतं. त्यासाठी लागणारी तबकडी, म्हणजे डिश अँटेना, कशाची केली, तर तारेच्या जाळीची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या. व्यास सुमारे तीन मीटर. वीज नसलेल्या काही गावांत संच बॅटरीवर चालवले. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी.

खुराड्याची जाळी चालते, कारण उपग्रहाकडून येणाऱ्या त्या लहरींची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी मोठी असते. लहरीच्या दृष्टीने ती भोकं नसतातच, तो सलग आरसा असतो. हे मी पुढे रेडिओवर सांगितलं तेव्हा एका शेतकऱ्याचं पत्र आलं होतं, की माझ्या कुंपणाच्या जाळीतून वारा जातो, ससा जात नाही, तसंच ना? त्याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. पुढच्या वेळेपासून मी ससाच वापरला.

आणि श्रीलंकेत राहणारे विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्क यांच्या घरीही आपल्या अभियंत्यांनी एक ग्राहक संच बसवून दिला होता. भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी थांबल्यासारख्या दिसणाऱ्या, उपग्रहांतून संदेशवहनाची कल्पना ज्या माणसाने १९४५ मध्ये कागदावर मांडली, तो तीस वर्षांनी आपल्या घरी बसून भारतातल्या खेड्यांसाठीचे कार्यक्रम बघत होता! या दृश्याने मला नेहमी भरून येतं.

पुढे यश पाल मोठमोठ्या पदांवर गेले. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव, मग १९८६ ते १९९१ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. पुण्याचं ‘आयुका’ हे खगोलविज्ञानाचं केंद्र ज्या आंतरविद्यापीठीय केंद्रांच्या कल्पनेतून १९८८ मध्ये उभं राहिलं आणि जयंत नारळीकर ज्याचे संस्थापक संचालक झाले, त्या कल्पनेला यश पाल यांचा भक्कम पाठिंबा होता. या सगळ्याची यादी करायची मला गरज वाटत नाही. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९९३ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने शाळेच्या ओझ्यावर अहवाल दिला. सगळीकडे दप्तराच्या किलोंची चर्चा झाली. पण अहवालाचं म्हणणं असं होतं की दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचं ओझं अधिक घातक आहे. हे वाचलं तेव्हा मला ‘आयामविरूपण’ आठवलं. आजीने साखर वाटलेल्या त्या घरात मी अडीच मिनिटांत किती किलो टाकले होते!

१९९५ हे साल तर मी विसरूच शकत नाही. त्या एका शरदात दोन गोष्टी लागोपाठ घडल्या.

२१ सप्टेंबरला सकाळपासून केंद्रावरचे फोन थांबेनात. गणपती दूध पितोय. दिल्लीपासून दक्षिणेपर्यंत देवळांपुढे रांगा. चमचा मूर्तीच्या सोंडेला लावला की दूध हळूहळू कमी व्हायचं. दुपारी मी घरी आले तर सासूबाई देवघरापुढे बसलेल्या, डोळ्यांत पाणी. त्यांनी आमच्या पितळेच्या मूर्तीला दोन चमचे पाजले होते. माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘तू सांगशील की हे खोटं आहे.’

खोटं नव्हतंच. दूध चमच्यातून जात होतं हे खरंच होतं. भरलेल्या चमच्यात दुधाची कड फुगीर असते, पृष्ठताणामुळे. ती मूर्तीला टेकली की दूध मूर्तीच्या पृष्ठभागाला धरतं, बारीक पापुद्रा होऊन खाली उतरतं आणि मागून येणारं दूध आपल्याबरोबर ओढून नेतं. पापुद्रा इतका पातळ, आणि ओल्या मूर्तीवर दूध इतकं बेमालूम, की दिसत नाही. दिल्लीत वैज्ञानिकांनी रंग मिसळलेलं दूध लावून तो ओघळ दाखवला. यश पाल यांच्यासारख्या वैज्ञानिकांनी लोकांना पृष्ठताण समजावून सांगितला. मला संध्याकाळच्या कार्यक्रमात पाच मिनिटं मिळणार होती, आणि माझ्यापुढे हजारो सासूबाया होत्या.

मी आधी घरातच करून बघितलं. चमचाभर दुधात चिमूटभर कुंकू कालवलं आणि सासूबाईंनाच चमचा धरायला सांगितला. सोंडेवरून एक लाल रेघ उतरली, पोटावरून वळली आणि पाटावर जमा झाली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग काही न बोलता त्यांनी मूर्ती उचलली, धुतली, पदराने पुसली, जागेवर ठेवली आणि निरांजन लावलं. मी संध्याकाळी रेडिओवर हेच सांगितलं, लाल रेघेपर्यंत. ‘अंधश्रद्धा’ हा शब्द मी वापरला नाही. केंद्रावरच्या एका सहकाऱ्याला तो भ्याडपणा वाटला आणि आमचं त्यावर भांडणही झालं. मला आजही वाटतं की लाल रेघ पुरेशी होती.

दुसरी गोष्ट २४ ऑक्टोबरची, दिवाळीतली. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खग्रास सूर्यग्रहण. ग्रहणाची मला धास्ती होती, पण वेगळी. १६ फेब्रुवारी १९८० चं ग्रहण मला आठवत होतं. त्या दुपारी रस्ते ओस पडले होते, दारं-खिडक्या बंद, लोकांनी घरात बसावं म्हणून टीव्हीवर सिनेमा लावला होता. आकाशात आयुष्यात एकदा दिसणारी गोष्ट चाललेली आणि आम्ही पडदे ओढून बसलेलो. पंधरा वर्षांनी चित्र पालटलं. राजस्थानातल्या नीम का थान्यापासून बंगालच्या डायमंड हार्बरपर्यंतच्या पट्ट्यात लोक ग्रहण बघायला गर्दी करून गेले. दूरदर्शनने थेट प्रक्षेपण केलं. त्या समालोचनातला यश पाल यांचा आवाज माझ्या कानात आहे. माहिती देणाऱ्याचा आवाज नव्हता तो. सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या एका माणसाला पहाटेच उठवून कुणीतरी हवी ती भेट दिली होती, तसा होता. नीम का थान्याला खग्रास स्थिती मिनिटभरही टिकली नाही. त्यानंतर चंद्राच्या कडेआडून सूर्याचा पहिला ठिपका डोकावला आणि हिऱ्याची अंगठी चमकली.

आमच्याकडे ग्रहण खंडग्रास होतं. मी केंद्राच्या अंगणातून थेट बोलत होते, हातात वायर ओढत आणलेला मायक्रोफोन. रेडिओवर ग्रहण कसं दाखवणार? मी श्रोत्यांना सांगितलं, वर बघू नका, झाडाखाली जा आणि जमिनीकडे बघा. पानांच्या फटींतून पडलेला उन्हाचा प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा झालेला असतो, कारण प्रत्येक फट म्हणजे एक छोटा कॅमेरा. अंगणात आमचा ध्वनिमुद्रक, पहारेकरी, झाडणाऱ्या मावशी, सगळे वाकून जमिनीकडे बघत होते. मावशी हळूच म्हणाल्या, ‘बाई, शेकड्यांनी आहेत.’ ते वाक्य प्रक्षेपणात गेलं. त्या दिवशी जे काही मी बोलले त्यात तेच सर्वात चांगलं होतं.

टीव्हीवर मी सात वर्षं काम केलं, एका शैक्षणिक मालिकेत आणि नंतर एका वाहिनीवर. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाण्यावर तरंगणारी सुई कॅमेऱ्यात दिसत नाही, म्हणून तो प्रयोग गळायचा आणि त्याच्या जागी धूर यायचा. धूर छान दिसतो. प्रयोग चौथ्या टेकला जमला तर चौथा टेकच जायचा, आणि बघणाऱ्या मुलांना वाटायचं की ताईंचं कधी चुकतच नाही. मी एकदा पहिले तीन टेकही दाखवू या असं सुचवलं. वेळ नव्हता. खरंच नव्हता, निर्माता बिचारा तळमळीचा होता. पण घरी जाताना मला प्रत्येक वेळी फरशीवर पडलेला टेपचा तुकडा आठवायचा. शेवटी मी रेडिओवर परतले.

रेडिओनेही त्या काळात मोठी कामं केली, हे आता कुणाच्या गावीही नाही. १९९१ मध्ये आकाशवाणीवरून मानवाच्या उत्क्रांतीवर एक मालिका सुरू झाली. शंभराहून अधिक भाग, रविवारी सकाळी, अनेक भारतीय भाषांतून. मुलांची नावनोंदणी करून घेतली होती, त्यांना प्रश्न विचारले जायचे, ती उत्तरं पाठवायची. वर्षानुवर्षं एखादं मूल दर रविवारी माकड आणि माणसाच्या मधल्या पायऱ्या कानाने चढतंय, ही कल्पना करून बघा. आणि पुण्यात बालचित्रवाणी होती, १९८४ पासून शाळकरी मुलांसाठी मराठीत कार्यक्रम करणारी. २०१७ मध्ये ती बंद झाली. त्याच वर्षी २४ जुलैला यश पाल गेले, नव्वदाव्या वर्षी. त्या रात्री मी कपाटातून ती जुनी वही काढली. ‘टर्निंग पॉइंट’ बघताना मी त्यात उत्तरं टिपायची असं मला आठवत होतं. उघडून बघितलं तर पानोपानी प्रश्नच लिहिलेले होते.

मला आता तरुण मुलं-मुली भेटायला येतात. त्यांना विज्ञान सांगायचं आहे, मोबाइलवर, एका मिनिटात. मी त्यांना नावं ठेवत नाही. एका मिनिटात मीही पापणी मिटवली होती. त्यांचं मराठी मोकळं आहे, त्यांची चित्रं सुरेख असतात, आमच्याकडे नव्हती ती साधनं त्यांच्या खिशात आहेत. मी फक्त विचारते की पत्रं येतात का. ते म्हणतात, हजारो येतात, वाचायला वेळ होत नाही. तिथे मी थोडी हट्टाला पेटते. रोज पाच वाचा म्हणते. अक्षर लावून, शुद्धलेखनासकट वाचा. एका मुलीने वाचायला सुरुवात केली आणि परवा मला एक प्रश्न पाठवला: ‘विमान ढगात शिरतं तेव्हा ढगाला भोक पडतं का?’ आणि खाली तिने लिहिलं होतं, ‘ताई, मी याचं काहीही नीट केलेलं नाही.’

भोक पडतं, बरं का. ढगातलं पाणी शून्याखाली जाऊनही गोठलेलं नसेल, तर विमानाच्या जाण्याने त्यातले थेंब गोठू लागतात, आजूबाजूच्या थेंबांची वाफ त्या हिमकणांवर जमते, ते जड होऊन खाली येतात आणि ढगात खरंच एक गोल भोक उरतं. मी हे तिला सांगितलं नाही. तीच शोधेल.

त्या सातवीतल्या मुलाचं तिसरं कार्ड माझ्याकडे अजून आहे, शाई फिकटली असली तरी. त्याने पट्टीने रेघा मारून तक्ता केला होता. तारीख, वेळ, खर्रर्र, मोजलेले आकडे, तीनने भागून आलेले किलोमीटर. अठरा ओळी. पहिल्या काही ओळींत खाडाखोड आहे, कारण तो फार भराभर मोजत होता हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने आजोबांच्या घड्याळाबरोबर मोजायचा सराव केला. तसं त्याने कंसात लिहिलंय. शेवटच्या सहा ओळींत मात्र किलोमीटरचा रकाना रिकामा. आणि खाली: ‘ताई, रात्री नऊनंतर खर्रर्र येतं पण गडगडाट येतच नाही. मी शंभरपर्यंत मोजलं. दोनशेपर्यंतपण मोजलं. आभाळात चांदण्या होत्या. मग तो आवाज कुठे जातो?’

मी तीन रात्री त्या उत्तरावर घालवल्या. रात्री वातावरणाचा वरचा थर मध्यम लहरींना परत खाली पाठवतो, त्यामुळे शेकडो किलोमीटरवरची, तुझ्या क्षितिजापलीकडची वीज तुझ्या रेडिओत बोलते. तिचा गडगडाट मात्र पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढे सहसा ऐकू येत नाही. वर जावं तशी हवा थंड होत जाते, थंड हवेत आवाज मंदावतो, आणि त्यामुळे त्याची वाट वरच्या बाजूला वळते. तो तुझ्या घराकडे निघालेला असतो, पण वाटेतच उचलला जाऊन तुझ्या डोक्यावरून निघून जातो.

संहिता सहीसाठी अण्णांकडे गेली. त्यांनी उत्तराच्या पानांवरून नजर फिरवली आणि पहिलं पान परत काढून त्यावर थांबले. तिथे फक्त कार्ड उतरवलेलं होतं, दोनशेपर्यंत मोजल्यासकट. त्यांनी समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘यानंतर चार सेकंद’, आणि सही केली.

त्या गुरुवारी लाल दिवा लागला. मी कार्ड वाचलं, पान सरकवलं आणि मनातल्या मनात एकपासून मोजायला लागले.